सून तैवानची, तिला दूध पचत नाही, आणि घरात गोड बातमी: ताट कसं वाढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा तैवानमध्ये शिनचूला नोकरीला, सून तिथलीच. गेल्या आठवड्यात फोनवर गोड बातमी कळली, तिसरा महिना चालू आहे. दिवाळीत दोघं तीन आठवड्यांसाठी साताऱ्याला येणार, तेव्हाच डोहाळजेवण उरकायचं, आणि बाळंतपणाला सासूबाई स्वतः तिकडे जाणार. मागच्या खेपेला सुनेने दोन दिवस सकाळी वेलची घातलेलं पेलाभर दूध घेतलं आणि दोन्ही दिवस पोट बिघडलं. घरातली मोठी माणसं म्हणतात, दूध नाही तर बाळाची हाडं कशी भरणार? रोज थोडंथोडं देऊन सवय लावावी का, तूप आणि डिंकाचे लाडू चालतील का, आणि बाळालाही दूध पचणार नाही का, असं विचारलं आहे. वर एक शंकाही आहे: फोटोंमध्ये ती दुधाचा चहा पिताना दिसते, मग आपल्याकडचंच दूध का बाधतं?

ताई, आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही दिवाळीच्या आधी हे विचारलंत हे फार बरं केलंत.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. दुधातली साखर किती, कुठल्या रूपात आणि एका वेळी किती पोटात जाते हा पहिला. बाळासाठी लागणारं कॅल्शियम कुठून आणायचं हा दुसरा. दूध म्हटलं की आपल्याकडे हे दोन्ही एकच होऊन बसतात, म्हणून उत्तरही 'प्यायलाच हवं' किंवा 'बंदच करा' असं टोकाचं निघतं.

पण त्याही आधी मुलाला फोन करून एक गोष्ट नक्की करून घ्या. दूध घेतल्यावर तिला नेमकं काय होतं? अर्ध्या तासापासून दोनेक तासांत पोट गुरगुरणं, गॅस, कळ येऊन पातळ शौचाला होणं, आणि ते झालं की बरं वाटणं, असं असेल तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचण्याची लक्षणं आहेत. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, घशात आवळल्यासारखं होणं, धाप लागणं, यातलं काही कधीही झालं असेल तर ती दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते आणि मग खाली लिहिलेलं तिला लागू नाही. ॲलर्जीत दही, तूप, पनीर, खवा सगळंच बंद, म्हशीचं आणि शेळीचं दूधसुद्धा, आणि सल्ला डॉक्टरांचाच. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हा पहिला प्रकार दिसतो. पुढचं सगळं ते धरून लिहिते.

दूध पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. ते लॅक्टोजचे दोन तुकडे करतं, तेव्हा ती साखर रक्तात जाते. तान्ह्या बाळांमध्ये ते भरपूर असतं. अंगावरचं सुटल्यावर बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होतं, आणि जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांची हीच स्थिती आहे. चीन, तैवान, जपान, कोरिया, व्हिएतनाम या भागात तर जवळजवळ सगळ्यांची. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं जनावरं पाळून दूध प्यायलं, त्यांच्यातल्या काही समाजांत हे विकर आयुष्यभर टिकवणारा जनुकीय बदल पसरला. युरोपात जो बदल सापडतो तोच भारतातही आहे. वायव्येकडे तो जास्त लोकांत दिसतो, आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे जावं तसा कमी होत जातो. म्हणजे आपल्या मराठी घरांतही दूध न पचणारी माणसं पुष्कळ आहेत. 'मला दूध आवडत नाही, ताक चालतं' असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यातल्या कित्येकांचं हेच असतं. सूनबाईंचं शरीर बिघडलेलं नाही आणि हे नखरेही नाहीत. जगात जे जास्त प्रमाणात आढळतं तेच तिचं आहे.

न पचलेला लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात, त्यातून गॅस होतो, आणि ती साखर पाणी ओढून घेते म्हणून पातळ होतं. त्यामुळे सगळा खेळ मात्रेचा आहे. एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज बहुतेकांना फारसा त्रास न होता चालतो, जेवणाबरोबर घेतला तर आणखी सहज. रिकाम्या पोटी तोच बाधतो, कारण दूध एकटंच असलं की पोटातून लवकर पुढे सरकतं. तुम्ही दिलेलं वेलचीचं दूध पेलाभर, म्हणजे २०० मिली धरलं तरी त्यात १० ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, तेही सकाळी अनशापोटी. त्रास झाला यात नवल नाही.

फोटोतल्या चहाचं म्हणाल तर तैवानमधल्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या चहात बऱ्याच दुकानांत दुधाऐवजी क्रीमरची पूड घालतात. ती वनस्पतिजन्य चरबी, ग्लुकोज सिरप आणि केसीन हे दुधातलं प्रथिन यांची बनते, तिच्यात लॅक्टोज जवळजवळ नसतोच. त्यामुळे तो चहा तिला सोसतो आणि आपलं वेलचीचं दूध सोसत नाही, यात खोटं काहीच नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात लॅक्टोज कुठे किती आहे ते बघा. हे एकदा डोक्यात बसलं की उरलेलं तुम्ही स्वतःच ठरवाल.

तूप कढवताना पाणी उडून जातं आणि बेरी तळाशी बसते. गाळलेल्या तुपात लॅक्टोज नावालाच उरतो, म्हणून तूप निःशंक चालतं. पोळीवर, वरणभातावर, लाडवात, मोदकावर घाला. (तूप कढवण्याचा वास मात्र पहिल्या महिन्यांत अनेकींना सहन होत नाही. तिला मळमळत असेल तर ती आल्यावर घरात लोणी कढवू नका, आधीच करून ठेवा.) दह्यात १०० ग्रॅमला साधारण ४ ग्रॅम लॅक्टोज असतो, दुधापेक्षा थोडाच कमी. तरी दही जास्त सोसतं, कारण विरजणातले जिवंत जिवाणू स्वतःचं विकर घेऊन येतात आणि आतड्यात गेल्यावर त्याचा उपयोग होतो. म्हणूनच कढी आणि ताक यांत फरक पडतो. तेच दही उकळलं की जिवाणू मरतात आणि ही मदत संपते. वाटीभर कढी जेवणात चालून जाईल, पण सुरुवात ताकाने करा. पाव वाटी दह्यात तिप्पट पाणी घालून घुसळलेल्या ताकाच्या पेल्यात २ ते अडीच ग्रॅमच लॅक्टोज असतो. दही घट्ट व्हावं म्हणून काही घरांत विरजताना दुधाची पूड घालतात, ती घालू नका. त्या पुडीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग लॅक्टोजचा असतो.

चक्क्यातलं पाणी टांगून गळून जातं आणि लॅक्टोज त्या पाण्यातच विरघळलेला असतो. म्हणून छोटी वाटी श्रीखंड दुधाच्या पेल्यापेक्षा किती तरी हलकं. पनीरचंही तेच. फक्त पनीरचं उरलेलं पाणी कणकेत किंवा आमटीत वापरायची सवय असेल तर त्या तीन आठवड्यांत बाजूला ठेवा. आमटीत कुणाला दिसत नाही आणि पोट मात्र बिघडतं.

याच्या उलट टोकाला आटवलेले पदार्थ. बासुंदीसाठी लिटरभर दूध निम्म्यावर आणलं की लॅक्टोज तेवढाच राहतो आणि पाणी उडतं. १२० मिलीच्या वाटीत १२ ग्रॅम सहज जातात. खव्यात तर वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त लॅक्टोजच असतो. २० ग्रॅमचा एक पेढा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. एकच पेढा असेल तर काही होणार नाही. पण गोड बातमीच्या घरात पेढा एकच कधी असतो? नातेवाइकांकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरलात तर चार घरी चार पेढे आणि चार कप चहा. आपल्या अर्ध्या दुधाच्या छोट्या कपात अडीच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज जातो, म्हणजे दिवसाअखेर वीस-बावीस ग्रॅम. प्रत्येक घरी 'थोडंसंच' होतं, आणि रात्री ती का तळमळते हे कुणालाच कळत नाही.

दिवाळीचा फराळ बहुतेक सगळा चालतो, याचं अनेकींना आश्चर्य वाटतं. चकली, चिवडा, शेव, कडबोळी, अनारसे यांत एरवी दूध नसतंच. अनारशाच्या पिठात दही घालत असाल तर तेही नगण्य. बेसनाचा लाडू तुपातला, फक्त रवाळ व्हावा म्हणून दुधाचा शिपका मारता तो पाण्याचा मारा. शंकरपाळ्यांच्या पिठात वाटीभर दूध असलं तरी ते किलोभर शंकरपाळ्यांत वाटलं जातं, मूठभरात नावाला येतं. करंजीचं सारण सुक्या खोबऱ्याचं ठेवा, खव्याचं नको. रव्याच्या लाडवात खवा किंवा दुधाची पूड घालत असाल तर तिच्यासाठी नुसत्या पाकातले करा. पुरणपोळीवर तूप वाढा, दुधाची वाटी शेजारी ठेवू नका. शिरा पाण्यात नाही तर नारळाच्या दुधात छान होतो. आंबट-तिखटाचे डोहाळे असतील तर सोलकढी आहेच, नारळाच्या दुधात लॅक्टोज नसतो. खीर करायची तर नारळाच्या दुधातली गव्हल्यांची करा, पण दूध उतरताना घाला, फार उकळू देऊ नका, नाही तर फुटतं.

डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडायला लावून पेढा निघतो की बर्फी ते बघायची पद्धत आहे ना, तिथे पेढा आणि नारळाची बर्फी ठेवा. पेढा निघाला तर एक घास मोडून खाल्ला तरी पुरे, बर्फी निघाली तर सगळी तिची. नारळाची बर्फी करताना दूध-साय न घालता साखरेच्या पाकातली करा. फुलांची वाडी, हिरवी साडी, ओटी, सगळं जसंच्या तसं होऊ द्या.

आता सवय लावण्याचं. विकर सवयीने वाढत नाही, हे आधी स्वीकारायला हवं. लॅक्टेज किती तयार व्हायचं हे जनुक ठरवतं, रोज दूध पाजून ते परत येत नाही. मात्र रोज थोडाथोडा लॅक्टोज मिळत राहिला तर काही आठवड्यांत मोठ्या आतड्यातले जिवाणू बदलतात आणि त्रास कमी जाणवतो. म्हणजे 'सवय होते' ही घरातल्या मोठ्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. पण ती सवय गरोदरपणात आणि तीन आठवड्यांच्या पाहुणचारात लावायची गरज नाही. तिलाच हवं असेल तर दुपारच्या जेवणात, भाताबरोबर, दोन चमचे दह्यापासून सुरू करा. तीन दिवस तेवढंच. ठीक वाटलं तर अर्धी वाटी, आणखी तीन-चार दिवसांनी वाटीभर. मध्ये त्रास झाला तर आधीच्या मात्रेवर परत या. दूध हवंच असेल तर लॅक्टोजमुक्त दुधाचे खोके मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळतात. त्यात आधीच विकर घालून लॅक्टोज तोडलेला असतो, म्हणून चव जरा गोड लागते, आणि कॅल्शियम नेहमीच्या दुधाएवढंच असतं. तिच्या चहाला तेच ठेवा, प्रश्नच मिटतो. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, लॅक्टोज असलेल्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर ४,५०० एककं असं प्रमाण असतं, पण गरोदरपणात कुठलीही गोळी तिच्या डॉक्टरांना विचारूनच. ए-टू दूध, गीर गाईचं दूध, शेळीचं दूध यांतही लॅक्टोज असतोच, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. पोट बिघडलं की सगळ्यांचं बोट दुधाकडे जातं, पण भाताची आणि सोयाबीनची सवय असलेलं पोट अचानक रोज सहा पोळ्या, मटकीची उसळ, छोले आणि फ्लॉवर यांच्यावर आलं की गॅस होणारच. कडधान्यांतल्या आणि गव्हातल्या काही शर्कराही मोठ्या आतड्यात जाऊन तशाच आंबतात. म्हणून पहिले चार-पाच दिवस भात, मुगाचं वरण, तांदळाची भाकरी, दुधी-दोडक्यासारख्या भाज्या असं साधं ठेवा. उसळी करा, पण कडधान्य भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि वाटी लहान असू द्या. बाहेरचं खाऊन किंवा पाणी बाधून जुलाब झाले तर आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि लॅक्टेज काही आठवडे आणखी कमी होतं, तेव्हा आधी पचणारं दहीसुद्धा थोडे दिवस पचत नाही. ताप, शौचातून रक्त, पाणीही न ठरणारी उलटी, किंवा जुलाबामुळे लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका, प्रसूतितज्ज्ञांकडे न्या.

आता कॅल्शियम, म्हणजे मोठ्यांची खरी काळजी. ती काळजी रास्त आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात रोज १,००० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजताना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दूध हा सोपा मार्ग आहे, एकमेव नाही. तिच्या देशात पिढ्यान्‌पिढ्या दुधाविना मुलं झाली आणि त्यांची हाडं भरली, ती दुसऱ्या वाटेने.

तिच्याकडची वाट अशी: टोफू, हाडांसकट खायचे वाळवलेले बारीक मासे, काळे तीळ आणि पालेभाज्या. पण टोफूमध्ये मोठा फरक असतो. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालून गोठवलेल्या आणि दाबलेल्या टोफूत कॅल्शियम चांगलं असतं, दाबून कोरडा केलेल्या तपकिरी टोफूत तर आणखी जास्त. खोक्यातला रेशमी मऊ टोफू वेगळ्या आम्लाने गोठवतात, त्यात १०० ग्रॅमला दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या आसपासच मिळतं. सोया दूधही तसंच. वरून कॅल्शियम घातलेलं नसेल तर ते कॅल्शियमच्या दृष्टीने दुधाची जागा घेत नाही, प्रथिनांच्या दृष्टीने घेतं. बाटलीवर लिहिलेलं वाचायला मुलाला सांगा. तळाशी साका बसतो म्हणून बाटली हलवूनच ओतायची. वाळवलेले बारीक मासे १० ग्रॅम म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या पुढे. बॉक चॉय या चिनी पालेभाजीसारख्या भाज्यांतलं कॅल्शियम दुधापेक्षाही चांगलं शोषलं जातं. पालकाचं मात्र नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अगदी थोडं अंगी लागतं.

साताऱ्यात आल्यावर आपली वाट वापरा. नाचणीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १८० मिलिग्रॅम. नाचणी भिजवून मोड आणून केलेलं सत्त्व किंवा आंबवलेली आंबील असेल तर शोषण आणखी बरं, फक्त आंबील ताकाची न करता पाण्यातली करून वरून लिंबू पिळा. तिळाची चटणी रोज दीड-दोन चमचे, बिनपॉलिश तीळ भाजून कुटलेली. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम फारच कमी राहतं, कारण ते सालात असतं. गरोदरपणात तीळ उष्ण म्हणून आपण टाळतो, पण जेवणातल्या चमचाभर चटणीने अपाय होतो असं मानायला आधार नाही. शेवग्याचा कोवळा पाला १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे, मेथीही त्याच्या जवळ. तुमच्या घरी मासे होत नसतील तर नको. होत असतील तर काट्यासकट खायची मांदेली कडक तळून किंवा सुकटीची चटणी तिला घरच्यासारखी वाटेल.

एवढ्या सगळ्यावर हिशेब कमी पडतोय असं वाटलं तर गोळी असतेच. आपल्या सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देतात. तिच्या डॉक्टरांनी तिकडे काय दिलंय ते विचारा आणि त्यावर आपली आणखी भर घालू नका. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, लोहाची वेगळ्या वेळी, मध्ये किमान दोन तास. एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. काही गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज असतो, पण तो इतका थोडा की काळजी नको.

बाळाचं काय? बाळाला दूध पचेल. आईच्या दुधात १०० मिलीला ७ ग्रॅम लॅक्टोज असतो, गाईच्या दुधापेक्षा जास्त, आणि आई दूध पिते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तो लॅक्टोज तिच्या स्तनग्रंथीच तयार करतात. दूध प्यायलं तरच दूध येतं हा समज सोडून द्या. बाळाने वारंवार ओढणं, पोटभर जेवण, पाणी आणि झोप यांवर दूध येतं. जन्मतःच लॅक्टेज नसणारी बाळं अतिशय दुर्मीळ. पुढे मोठं झाल्यावर काय होईल ते तुमच्या मुलाकडून काय येतं यावर आहे. विकर टिकवणारा जनुक एका बाजूने मिळाला तरी पुरतो. मुलाकडे त्याची एकच प्रत असेल तर बाळाला मिळण्याची शक्यता निम्मी, दोन्ही असतील तर नक्की मिळणार. नाही मिळाला तरी तीन-चार वर्षांनंतर हळूहळू दूध जड जाऊ लागेल, तेव्हा दही-ताक आहेच. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध प्यायला देऊ नका, हे मात्र दोन्ही घरांत सारखंच लागू.

आता तुमचं तिकडे जाणं. तैवानमध्ये बाळंतिणीचा महिना पाळतात, आपल्या सव्वा महिन्यासारखाच. गार पाणी नाही, वारा लागू द्यायचा नाही, आलं भरपूर, गरम पाण्याने अंग पुसणं. तुम्हाला तिथे फार परकं वाटणार नाही. आपलं सुंठ-तूप तसं त्यांचं आलं आणि काळ्या तिळाचं तेल. त्यात कोंबडी शिजवून तांदळाची दारू घालतात. उकळून सगळी दारू उडत नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईसाठी ती न घालता पाण्यात शिजवा, एवढं विहीणबाईंशी मुलामार्फत बोलून ठेवणं योग्य. दूध यावं म्हणून तिकडे हिरव्या पपईचं माशाबरोबर सूप देतात. आपण गरोदरपणात कच्ची पपई वर्ज्य मानतो ते योग्यच आहे. हे सूप बाळंतपणानंतरचं आणि शिजवलेलं असतं, त्याला अडवू नका. तुमच्या घरी सामिष नसेल तर तुमचा स्वयंपाक वेगळा ठेवा. तिच्या ताटात तिच्या आईचं जेवण असू द्या आणि त्याच्या शेजारी तुमचा एक लाडू.

डिंकाच्या लाडवात दूध नसतंच, म्हणून तो तिला उत्तम. अंदाज असा: डिंक १०० ग्रॅम, तूप २५०, खारकेची पूड २००, किसून भाजलेलं सुकं खोबरं २५०, गूळ ३००, बदाम १००, चमचाभर सुंठ, थोडं जायफळ. डिंक तुपात मध्यम आचेवर चमचा-चमचा टाकून तळा. एकदम टाकला तर बाहेरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. गूळ नुसता वितळवा. पाक झाला की लाडू दगड होतात. ३० ग्रॅमचा लाडू दीडशे-एकशे साठ कॅलरींचा होतो, त्यामुळे गरोदरपणातल्या साखरेच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली असेल तर बाळंतपणानंतरही डॉक्टरांना विचारूनच द्या. आळिवाचे लाडू करताना आळीव दुधात न भिजवता नारळाच्या पाण्यात भिजवा, आणि तेही बाळंतपणानंतरच.

या लाडवांत खसखस घालू नका. तैवानमध्ये खसखशीवर बंदी आहे, सिंगापूर आणि दुबईमार्गे विमान बदलणार असाल तर तिथेही आहे. त्याऐवजी ५० ग्रॅम भाजलेले तीळ घाला, तिलाही ती चव ओळखीची. घरातल्या मसाल्यांच्या डब्यात, गरम मसाल्यात, बाळंतिणीसाठी केलेल्या कुठल्याही चूर्णात खसखस आहे का तेही बघा. कच्चा आळीव, बाळंतशेपा यांसारखी बियाणं सीमाशुल्कात अडू शकतात, म्हणून जाण्याआधी मुलाला तिथल्या नियमांची यादी काढायला सांगा आणि भाजून कुटलेलंच न्या.

राहिला नातेवाइकांचा आग्रह. तिच्याकडे वडीलधाऱ्यांनी पुढे केलेलं नाकारणं उद्धटपणाचं मानतात, त्यामुळे ती ताटात आलेलं निमूट खाईल आणि मग त्रास सोसेल. तिला पंगतीत सगळ्यांसमोर 'दूध चालतं का गं?' असं विचारू नका, ती होच म्हणेल. ती येण्याआधी तुम्ही स्वतः सगळ्यांना सांगा, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'थोडी तब्येत नरम आहे' असं मोघम सांगितलं की लोक दुप्पट दूध पाजतात. घरच्या ग्रुपवर एवढं टाका: 'सूनबाईंना दूध, खवा, बासुंदी पचत नाही. ताक, तूप, फराळ सगळं चालतं. आल्यावर कोऱ्या चहात आलं-गवती चहा घालून द्या किंवा गरम पाणी द्या, तिला गरम पाणीच आवडतं. पेढ्याऐवजी हातावर खडीसाखर किंवा लाडू ठेवा.' हाच मजकूर मुलाला पाठवून तिच्याकडून एकदा बघून घ्या, मग तो ग्रुपवर टाका.